हातात सहा-सात तास आहेत, बाहेर पडू का?

मागच्या अंकात म्हटलं होतं की लांबच्या प्रवासात मधल्या शहरात विमान बदलताना जे तास मोकळे मिळतात, म्हणजेच लेओव्हर, त्याबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, आणि मग मेसेजेसची रांगच लागली. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच आहे, तो आधी घेते, बाकीचे जसे हाताला लागले तसे.

प्रश्न : ताई, आम्हा दोघांना फ्रँकफर्टला सात तासांचा लेओव्हर आहे. सकाळी 9 ला उतरतो, पुढचं विमान दुपारी 4 ला. व्हिसा आहे. हे म्हणतात सात तास म्हणजे भरपूर झाले, आरामात शहर फिरून येऊ. मला मात्र आत्तापासूनच धाकधूक होतेय. कोण बरोबर?

बाहेर जा, पण "आरामात शहर फिरून" हे डोक्यातून काढून टाका. सात तास कागदावर असतात, हातात येतात ते वेगळेच. मांडून बघा. 9 ला चाकं जमिनीला टेकली तरी विमान जागेवर लागून दार उघडेपर्यंत वीसेक मिनिटं जातातच, मग ते लांबच लांब कॉरिडॉर, मग इमिग्रेशनची रांग. सव्वादहाला बाहेर आलात तर नशीब चांगलं समजा. ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत, बाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायची नवीन पद्धत सुरू झालीय, त्यामुळे नवीन प्रणालीत पहिल्यांदाच नोंद होत असेल तर अजून थोडा वेळ धरा.

आता उलट्या बाजूने मोजा, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते 4 पासून मोजतात. 4 ही विमान सुटायची वेळ आहे हो, तुम्ही गेटवर असायची नाही. बोर्डिंग तीन-सव्वातीनला सुरू होणार, गेट सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होणार, त्याआधी परत सिक्युरिटी, परत पासपोर्टवर शिक्का नाहीतर नोंद, आणि गेट नेमकं टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे दीड, फार तर पावणेदोनला एअरपोर्टवर परत पाहिजे आणि शहरातून एकला निघायला पाहिजे. राहिले किती? सव्वादहा ते एक, त्यातून जायचा वेळ वजा. दोन-सव्वादोन तास!

पण दोन-सव्वादोन तास काही कमी नाहीत आणि फ्रँकफर्टला ते खरंच मिळतात कारण शहर जवळ आहे. टर्मिनल 1 च्या खालूनच एस 8 किंवा एस 9 लोकल पकडा, हाउप्टवाखे स्टेशनला उतरा, पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. तिथून चालत दहा मिनिटांत र्योमरबर्ग, तो लाकडी चौकटींच्या उंच निमुळत्या घरांचा जुना चौक. त्यातली एक अख्खी ओळ दुसऱ्या महायुद्धात बेचिराख झाल्यावर 1980 च्या दशकात पुन्हा बांधलेली आहे, बघून कळत नाही. चौकातून उतरत खाली गेलं की माइन नदी आणि त्यावरचा लोखंडी पादचारी पूल, आयझर्नर श्टेग. पुलाच्या मध्यावर उभं राहून मागे वळून बघायचं, एका नजरेत जुनी छपरं आणि त्यांच्या मागे बँकांचे काचेचे टॉवर. तिथे पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा. आणि परत फिरा. म्युझियम नको, शॉपिंग नको, "आलोच आहोत तर तेही बघू" तर अजिबातच नको.

प्रश्न : किती तास असले की बाहेर पडावं, असा काही ढोबळ नियम सांगाल का?

तासांचा नियम सांगते पण तो अर्धवट आहे. पाचच्या आत असतील तर आतच बसा, आठच्या वर असतील तर जा. मधल्या पाच ते आठमध्ये खरा प्रश्न शहर किती भारी आहे हा नसून ते एअरपोर्टपासून किती लांब आहे हा असतो. झुरिकला ट्रेन दहा-बारा मिनिटांत मेन स्टेशनला नेऊन सोडते, अ‍ॅमस्टरडॅमला पाऊण तास नाही, पाव तास. हाँगकाँगची एअरपोर्ट एक्स्प्रेस 24 मिनिटं, क्वालालंपूरला टर्मिनल 1 पासून 28, सोलला इंचॉनच्या टर्मिनल 1 पासून एक्स्प्रेसने 43. टोकियोचा नारिता एअरपोर्ट शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर, तिथे सहा तासांत टोकियो बघायला निघणं म्हणजे ट्रेनच्या खिडकीतून टोकियो बघणं. पण त्याच टोकियोचा हानेदा शहराला चिकटून आहे, तिथे सहा तासांत काहीतरी जमतं. तेव्हा तिकिटावर शहराचं नाव वाचून खूश होऊ नका, एअरपोर्टचं नाव वाचा.

अजून एक. ट्रेन असेल तर ट्रेननेच जा. टॅक्सी आरामाची वाटते पण ट्रॅफिकमध्ये अडकली की घड्याळाकडे बघण्यापलीकडे काही करता येत नाही. आणि जाताना परतीची ट्रेन किती किती वेळाने आहे त्याचा फोटो काढून ठेवा, नेट चालेलच याची काय गॅरंटी.

प्रश्न : मग नारिताला सहा तास असतील तर काय करायचं? आमचं तिकीट बुक झालंय आणि आता तुम्ही घाबरवताय.

अहो घाबरवत नाहीये, उलट तुमच्यावर जळतेय. टोकियो विसरा आणि नारिता गावात जा! एअरपोर्टवरून ट्रेनने दहाएक मिनिटं, जेआर किंवा केइसेई, कुठल्याही कंपनीची घ्या. स्टेशनबाहेर आलात की ओमोतेसांदो नावाचा रस्ता सुरू होतो, साधारण आठशे मीटर, आधी सरळ आणि मग वळत वळत उताराला लागतो, दोन्ही बाजूंना जुन्या लाकडी दुकानांच्या रांगा. उतार संपला की समोर नारितासान शिन्शोजी, इसवी सन 940 मध्ये स्थापन झालेलं बौद्ध मंदिर. तिथे दिवसातून बऱ्याच वेळा गोमा विधी होतो, आणि हे नाव ओळखीचं वाटलं तर बरोबरच आहे, तो आपला होमच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. पुजारी रांगेने आत जातात, मोठ्या ढोलावर टिपरू पडतं आणि तो आवाज कानाआधी छातीत जाणवतो, मग ज्वाळा वर चढते आणि मंत्रांचा वेग वाढत जातो. वेळा बाहेर लिहिलेल्या असतात, त्या आधी बघा आणि बाकीचं त्याभोवती बसवा. मंदिराच्या मागे तळ्यांची मोठी बाग आहे, पाय मोकळे करायला. सगळं मिळून तीन तासांत होतं आणि कुठेही पळावं लागत नाही.

माझं तर मत असं आहे की मोठ्या शहराच्या लेओव्हरमध्ये मोठं शहर बघायलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? एअरपोर्टच्या शेजारी काय आहे ते नकाशावर बघा. हाँगकाँगचंच घ्या, एअरपोर्ट लांताऊ बेटाच्या कडेला आहे आणि त्याच बेटावरच्या डोंगरात 34 मीटर उंचीची ब्राँझची बुद्धमूर्ती आहे, 1993 मध्ये पूर्ण झालेली. एस 1 बसने तुंग चुंगला जायचं आणि तिथून केबल कार, 5.7 किलोमीटर, पंचवीस मिनिटं. खाली समुद्र, मग हिरवे डोंगर, आणि मधेच मागे वळलात तर आपलाच रनवे आणि त्यावर उतरणारी विमानं खेळण्यासारखी. मूर्तीपर्यंत 268 पायऱ्या आहेत, गुडघ्यांना विचारून ठरवा. केबल कार वाऱ्या-वादळात आणि मेंटेनन्सला बंद असते, म्हणून निघायच्या आधी चालू आहे ना ते बघायचंच.

प्रश्न : आम्ही ट्रान्झिटमध्येच असणार, म्हणजे व्हिसा लागत नाही ना?

हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय आणि सगळ्यांनी "ना?" लावून विचारलाय, म्हणजे उत्तर "नाही लागत" हेच हवंय. तसं देता येत नाही. एअरपोर्टच्या आतून विमान बदलणं एक आणि बाहेर शहरात पाऊल टाकणं दुसरं, दोन्हीचे नियम वेगळे, आणि ते तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा यावर ठरतात. अमेरिकेत तर आतून बदलायची सोयच नाही, तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन करावं लागतं आणि ज्यांना व्हिसा लागतो त्यांना ट्रान्झिटसाठीही लागतो. ब्रिटनमध्ये आतल्या आत बदलायचा व्हिसा वेगळा, बाहेर पडून बदलायचा वेगळा. शेंगेनचा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा असेल तर त्यावर दाराबाहेर पडता येत नाही. चीनने डिसेंबर 2024 मध्ये ट्रान्झिटची सूट 240 तासांपर्यंत वाढवली, ऐकायला मस्त, पण ती ठरावीक देशांच्या पासपोर्टलाच आणि एका देशातून येऊन तिसऱ्याच देशात जाणाऱ्यांनाच. सिंगापूरमध्ये काही पासपोर्टना अटींवर 96 तासांपर्यंत बिनव्हिसा राहता येतं. तेव्हा मैत्रिणीच्या जाऊबाई मागच्या वर्षी गेल्या होत्या वगैरे ऐकून निघू नका, त्यांचा पासपोर्ट, त्यांचे आधीचे व्हिसे, त्यांचं तिकीट सगळं वेगळं असू शकतं. चेक-इन काउंटरवरचा माणूस टिमॅटिक नावाच्या सिस्टीममध्ये बघून तुम्हाला विमानात घ्यायचं की नाही ते ठरवतो. त्या देशाच्या दूतावासाची साइट आणि एअरलाइन, या दोनच ठिकाणी विचारा.

आणि एक बारीक गोष्ट जी फारसं कुणी सांगत नाही. तुमचा व्हिसा सिंगल एन्ट्री असेल तर मधल्या दोन तासांच्या भटकंतीत ती एन्ट्री वापरली जाते! समजा जाताना फ्रँकफर्टला बाहेर पडलात, मग लंडनला गेलात आणि तिथून पॅरिसला जायचा बेत आहे, तर पॅरिसला तुम्हाला कोणी आत घेणार नाही, कारण दोन्ही शेंगेनमध्येच. नदीवरचा पूल बघायच्या नादात अख्खी ट्रिप जायची.

प्रश्न : सामानाचं काय करायचं? दोन मोठ्या बॅगा घेऊन फिरणार कसं?

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असेल तर मोठ्या बॅगा बहुतेक वेळा थेट शेवटच्या ठिकाणी जातात. बहुतेक म्हटलं, कारण अमेरिकेत बाहेरून आलात की पहिल्या एअरपोर्टवर बॅग स्वतः उचलून परत द्यावी लागते. चेक-इनला बॅगेला जो टॅग लावतात त्यावर शेवटच्या एअरपोर्टचा तीन अक्षरी कोड आहे का ते तिथेच उभं राहून वाचा, काउंटरवरच्या मुलीला विचारायला लाजू नका. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर मात्र बॅग घ्या, बाहेर या, परत चेक-इन करा, आणि त्यासाठी काउंटर कधी उघडतो कधी बंद होतो ते सांभाळा. असं असेल तर आठ तासही मला कमीच वाटतात.

केबिन बॅग लॉकरमध्ये किंवा लेफ्ट लगेजला टाका, खांद्यावर छोटी पिशवी पुरे. पासपोर्ट आणि पुढचा बोर्डिंग पास अंगावर. औषधं, चार्जर, एक जोडी कपडे हे मोठ्या बॅगेत ठेवू नका, मधे ती मिळत नाही. आणि ड्युटी फ्रीची खरेदी बाहेर जायच्या आधी करू नका. सीलबंद पिशवीतली बाटली आतल्या आत विमान बदललं तर चालून जाते, पण बाहेर पडून परत सिक्युरिटीतून आलात की अडकू शकते आणि 100 मिलीच्या वरचं म्हणून कचऱ्यात. परत आल्यावर घ्या, दुकानं कुठे पळत नाहीत.

प्रश्न : काही एअरपोर्टवरून म्हणे फुकट सिटी टूर असते. फसवणूक तर नाही ना?

अजिबात नाही, चांगल्या असतात. सिंगापूरच्या चांगी एअरपोर्टची आहे, साडेपाच ते चोवीस तासांच्या आत लेओव्हर असणाऱ्यांसाठी, अडीच तासांची. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्सची आहे पण ती त्यांच्याच विमानाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना, सहा ते चोवीस तासवाल्यांना. सोलच्या इंचॉनवरूनही ट्रान्झिट टूर निघतात. त्या देशात शिरायची परवानगी मात्र तुमच्याकडे पाहिजेच, टूरवाले व्हिसा देत नाहीत.

इस्तंबूलला तर मी सरळ म्हणेन टूरच घ्या. नवा एअरपोर्ट जुन्या शहरापासून लांब आहे, ट्रॅफिक बेभरवशाचा, मेट्रोने गेलात तरी गायरेत्तेपेला बदलावं लागतं. बसमध्ये बसून जावं, गाइड ओरडेल तेव्हा परत बसावं. ज्यांना गाइडच्या छत्रीमागे फिरायचा वैताग येतो त्यांनी स्वतः जावं, पण तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो. हे प्रत्येक शहरात बघायचं, बरीच म्युझियमं सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी.

प्रश्न : सासूबाईंना व्हीलचेअर लागते आणि मुलगा चार वर्षांचा आहे. आठ तास आहेत. सगळे म्हणतात बाहेर जा. जाऊ?

नका जाऊ. "सगळे" म्हणणारे व्हीलचेअर ढकलायला येणार आहेत का? आठ तास आतच छान जातात, फक्त थोडी आखणी हवी. चांगीला टर्मिनल 3 मध्ये आतल्या भागातच फुलपाखरांची बाग आहे, खरीखुरी फुलपाखरं, मुलाच्या बाहीवर येऊन बसतात. तो प्रसिद्ध 40 मीटरचा धबधबा मात्र ज्वेल नावाच्या इमारतीत आहे आणि ज्वेल इमिग्रेशनच्या बाहेर आहे, हे मुलाला फोटो दाखवायच्या आधी लक्षात घ्या! दोहाला सात मीटर उंच पिवळं टेडी बेअर बसलंय, डोक्यात दिवा घुसलेलं, मुलं तिथून हलत नाहीत, आणि 2022 पासून आत एक मोठी झाडांची बागही झालीय, तिथे सासूबाईंना बरं वाटेल.

सासूबाईंसाठी बऱ्याच मोठ्या एअरपोर्टना आतच ट्रान्झिट हॉटेल असतं, तासांवर खोली मिळते, आठातले चार तास त्या आडव्या झाल्या तर पुढचा प्रवास सगळ्यांचाच सुखाचा. आधी बुक करा, ऐनवेळी मिळत नाही. व्हीलचेअर तिकिटावर नोंदवा, आणि सोडायला येणाऱ्या माणसाला परत किती वाजता आणि नेमकं कुठे यायचं ते तिथल्या तिथे विचारून घ्या, नाहीतर गेट बंद व्हायच्या वेळेला आपणच शोधत फिरायचं.

प्रश्न : ताई, मी शिकायला चाललोय, पहिल्यांदाच एकटा. रात्री 11 ला उतरतो आणि सकाळी 10 ला पुढची फ्लाइट. अकरा तास आहेत, नाइट लाइफ बघू का?

अरे बाबा, झोप! अकरा तास खरे पण चुकीचे अकरा. बऱ्याच शहरांत मध्यरात्रीनंतर मेट्रो बंद होते, लंडनची रात्रभराची ट्यूब फक्त शुक्रवार-शनिवार आणि तीही काहीच लाइनवर. पहाटेच्या पहिल्या ट्रेनने जाऊन यायचं म्हटलंस तर साडेसातला परत यावं लागेल, मग गेलास कशाला. काही एअरपोर्ट रात्री आतला भाग रिकामा करतात, तेव्हा रात्री थांबू देतात का ते आधी बघ. गेटच्या अगदी समोर नको, लोकांची ये-जा असलेल्या उजेडाच्या जागी झोप, बॅगेचा पट्टा पायाला अडकव, पासपोर्ट अंगावरच्या कपड्यात. फोनने तिथली वेळ घेतलीय ना ते बघून मगच अलार्म लाव, बोर्डिंग पासवरच्या वेळा नेहमी त्या त्या ठिकाणच्या असतात. उठल्यावर स्क्रीनवर गेट परत बघ, रात्रीतून बदलतं. आणि शॉवर असेल तर घे, बाकी काही नाही केलंस तरी चालेल.

प्रश्न : माझा लेओव्हर विमानाचा नाही, ट्रेनचा आहे. कोलोनला तीन तास. हे तुमच्या सदरात बसतं का?

बसतं की, आणि सगळ्यात सोपं हेच आहे. बहुतेक वेळा ना इमिग्रेशन ना सिक्युरिटी, स्टेशन गावाच्या मध्यात. कोलोनला तर स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल अंगावरच येतं, 157 मीटर. काम 1248 मध्ये सुरू झालं आणि पूर्ण झालं 1880 मध्ये, म्हणून आपल्याकडे काय रखडलंय त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. दक्षिण टॉवरला 533 पायऱ्या आहेत, चढलात तर तासभर त्यातच जातो. नाही चढलात तर शेजारच्या होहेन्झोलर्न पुलावरून चालत ऱ्हाइनच्या पलीकडे जा, कॅथेड्रलचा खरा फोटो तिथून येतो. लंडनला सेंट पँक्रास स्टेशनला असे दोन तास मिळाले तर शेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे, तिथल्या ट्रेझर्स गॅलरीत मॅग्ना कार्टा, गुटेनबर्ग बायबल, सगळं फुकट.

प्रश्न : बाहेर फिरताना उशीर झाला आणि पुढचं विमान गेलं, तर एअरलाइन दुसऱ्या विमानात बसवते ना?

पुन्हा "ना?". पहिलं विमान उशिरा आलं आणि त्यामुळे पुढचं चुकलं, सगळं एकाच तिकिटावर, तर बसवते, ती तिची जबाबदारी. तुम्ही पुलावर फोटो काढत राहिलात म्हणून चुकलं तर तुम्ही नो-शो, म्हणजे न आलेले प्रवासी. मग नवीन तिकीट तुमच्या खिशातून, आणि वर अनेकदा त्याच तिकिटावरचे पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचासुद्धा. एकाच शहरात दोन एअरपोर्ट असतील आणि उतरायचं एकावर, निघायचं दुसऱ्यावरून, नारिता-हानेदा, हीथ्रो-गॅटविक, शांघायचे पुडोंग-होंगचाओ, तर तो लेओव्हर फिरायचा नाहीच, तो एका एअरपोर्टवरून दुसऱ्यावर जाण्यातच संपतो. पुडोंगला एक गंमत मात्र आहे, तिथली मॅग्लेव्ह ट्रेन 30 किलोमीटर आठेक मिनिटांत जाते, होंगचाओच्या वाटेवरच लोंगयांग रोडला सोडते, तिथून पुढे मेट्रो. बॅगा सांभाळत का होईना, ती घ्या.